खांब नव्हे, सुळके : गरुड तेजोमेघाच्या एका चित्राचं प्रकरण

गरुड तेजोमेघातले, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या एका प्रचंड ढगातले, ते तीन उंच खांब आता अस्तित्वातच नाहीत, काही हजार वर्षांपूर्वी एका ताऱ्याच्या स्फोटात ते उडून गेले, आपल्याला दिसते ती फक्त त्यांची मागे राहिलेली प्रतिमा, अशा अर्थाचा मजकूर दर काही महिन्यांनी कुणीतरी मला व्हॉट्सॲपवर पाठवतं. सोबत ते चित्र असतंच: काळपट तपकिरी खांब, त्यांच्या कडांवरून निघणारी वाफ, मागे निळंहिरवं आकाश. खाली प्रश्न असतो, "सर, खरंय का हे?"

आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण विचारणाऱ्याला मनापासून उत्सुकता असते. आणि "हो" किंवा "नाही" एवढ्यावर भागतही नाही. त्या एका चित्रातून तीन निरनिराळे दावे जगभर पसरले आणि पुढच्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत त्या तिन्हींची कसून तपासणी झाली. चित्र सगळ्यांनी पाहिलं, पण ही तपासणी फार थोड्या लोकांपर्यंत पोचली. म्हणून प्रकरण सुरुवातीपासून सांगतो.

१ एप्रिल १९९५

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली आणि थोड्याच दिवसांत कळलं की तिच्या आरशाला चुकीचा आकार दिला गेलाय. २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग, पण तेवढ्याने ताऱ्यांभोवती प्रकाशाचं धुकं पसरायचं. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर जाऊन दुरुस्ती केली. आरशाचा दोष भरून काढणारा नवा कॅमेराही तेव्हाच बसवला. आपलं चित्र त्या कॅमेऱ्याचं.

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १ एप्रिल १९९५ रोजी तो कॅमेरा गरुड तेजोमेघाकडे वळवला. आकाशातल्या धूसर वस्तूंच्या मेसियेने केलेल्या यादीत हा सोळावा, म्हणून एम १६. आपल्यापासून साधारण ६,५०० प्रकाशवर्षं लांब. चार स्वतंत्र चिपांवर टिपलेल्या ३२ कृष्णधवल चौकटी जोडून अंतिम चित्र तयार झालं. त्यातल्या एका चिपेचं क्षेत्र लहान आणि बारकावा जास्त होता. तिचा भाग बाकीच्यांच्या मापाला आणताना तो आक्रसला, आणि चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी खाच राहिली. ती खाच पाहून आकाशाचा तेवढा तुकडा मुद्दाम लपवलाय असं समजणारेही मला भेटलेत. तिथे लपवण्यासारखं काहीच नाही, कॅमेऱ्याची बांधणीच तशी होती.

२ नोव्हेंबर १९९५ रोजी चित्र प्रसिद्ध झालं. २००० साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आलं. एव्हाना ते शाळांच्या भिंतींवर, वह्यांच्या कव्हरांवर, टी-शर्टांवर पोचलं होतं. दुरुस्तीआधी हबलची जगभर चेष्टा झाली होती. दुर्बीण आता नीट पाहतेय हे सामान्य माणसाला पटलं ते कुठल्या शोधनिबंधाने नाही, मुख्यतः अशा चित्रांनी.

रंग कुठून आले

"हे रंग खरे आहेत का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. रंग नंतर दिलेले आहेत, पण ते मनाला येतील तसे दिलेले नाहीत. हबलचा कॅमेरा रंग टिपत नाही, फक्त प्रकाश किती आला ते मोजतो. त्याच्यापुढे फिल्टर धरायचा, म्हणजे एका विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश आत येतो. हेस्टर-स्कोवेन यांनी असे तीन अरुंद फिल्टर वापरले. एक आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, सल्फरचा, सुमारे ६७३ नॅनोमीटरचा. दुसरा हायड्रोजनचा, ६५६चा. तिसरा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा, सुमारे ५०१चा. चित्र जुळवताना सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला.

इथे हायड्रोजनचा प्रकाश डोळ्याला लालच दिसतो, आणि सल्फरचाही लालच. जसंच्या तसं दाखवलं असतं तर दोघांची सरमिसळ होऊन सगळं एकजात गुलाबी-तांबडं दिसलं असतं आणि शास्त्रज्ञांना जे पाहायचं होतं तेच हरवलं असतं. त्यांना पाहायचे होते थर. सल्फरचा पहिला इलेक्ट्रॉन १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टना (हे ऊर्जेचं माप) सुटतो, हायड्रोजनचा १३.६ना, आणि ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ लागतात. त्यामुळे ज्या भागात अतिनील किरणांचा मारा थेट आणि प्रखर आहे तिथे ऑक्सिजन उजळतो. खांबाच्या अंगालगत, जिथे थंड वायू नुकताच तापायला लागलाय तिथे सल्फर उजळतो, आणि हायड्रोजन या दोन्हींच्या मध्ये. खांबांच्या कडेला लालसर झालर आणि बाहेर निळाई दिसते ती यामुळे. वायू कुठून सुटतोय आणि कुठवर सोलला गेलाय, हे त्या रंगांवरून वाचता येतं.

शाळेच्या नकाशात डोंगर तपकिरी आणि मैदान हिरवं असतं, म्हणून कुणी नकाशाला खोटा म्हणत नाही. कोपऱ्यातली सूची वाचता आली म्हणजे झालं. माझी तक्रार आहे ती सूचीबद्दलच. हे चित्र हजार ठिकाणी छापलं गेलं, पण कुठला रंग कशाचा हे त्यातल्या किती ठिकाणी होतं? आमच्या कार्यक्रमात मी चित्राखाली तीन रंगांचे तीन ठिपके काढून नावं लिहितो. सहावी-सातवीतली मुलंसुद्धा मग पाच मिनिटांत सांगायला लागतात की जास्त तापलेला भाग कुठला.

नाव आणि त्याने केलेला घोळ

जगभर या चित्राला ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ म्हणतात. मराठीत ‘सृष्टीचे स्तंभ’ किंवा ‘निर्मितीचे स्तंभ’. नावाला वजन आहे, चित्र इतकं पसरायला त्याने नक्कीच हातभार लावला. पण स्तंभ म्हटलं की तो कुणीतरी उभारलेला असतो, खालून वर चढवत नेलेला. इथे घडलं ते बरोबर उलटं.

चित्राच्या वरच्या कडेबाहेर, म्हणजे चौकटीत न आलेल्या भागात, एनजीसी ६६११ हा तारकागुच्छ आहे. त्यातले तारे वयाने जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे. त्यांतले काही प्रचंड वस्तुमानाचे आणि अतिशय तप्त. त्यांच्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा मूळ ढग तापतो, आयनीभूत होतो आणि उडून जातो. ढग सगळीकडे सारखा दाट नसतो. जिथे दाट गाठ आहे ती टिकाव धरते आणि तिच्या सावलीतला वायूही वाचतो. बाजूचं सगळं झिजत जातं आणि गाठीमागे लांबट शेपूट उरते. तीच आपण खांब म्हणून पाहतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कातळाचा चिवट भाग तग धरतो, भोवतालचा कमकुवत भाग पावसापाण्याने निघून जातो आणि सुळका एकटा उभा राहतो. सुळका कुणी बांधत नाही, तो उरतो. म्हणून मी मराठीत बोलताना ‘सुळके’ म्हणतो. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो: हे कोण उभारतंय याऐवजी कोण झिजवतंय, आणि किती वेगाने?

माप मात्र सह्याद्रीचं नाही. सगळ्यात डावीकडचा सुळका जवळजवळ चार प्रकाशवर्षं लांब आहे. सूर्यापासून सगळ्यात जवळच्या ताऱ्याचं अंतर सव्वाचार प्रकाशवर्षं आहे. सुळक्याच्या टोकाला बोटांसारखे जे कोंब दिसतात, त्यांतला एकेक आपल्या सूर्यमालेहून मोठा.

अंड्यांचा प्रश्न

१९९५च्या मूळ घोषणेच्या मथळ्यात स्तंभ नव्हतेच, अंडी होती. सुळक्यांच्या पृष्ठभागावर हेस्टर आणि सहकाऱ्यांना वायूचे बारीक दाट गोळे सापडले. त्यांना त्यांनी ‘इव्हॅपोरेटिंग गॅशस ग्लोब्यूल्स’ म्हटलं, म्हणजे वाफ होत चाललेले वायुगोल. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘एग’. मोजले तेव्हा ते ७३ भरले.

त्यांची कल्पना धीट होती. अशा गोळ्याच्या आत तारा घडत असेल, तर तो भोवतालचा वायू ओढून वाढत असतो. पण बाहेरून अतिनील किरणं कवच सोलत असतात. कवच गेलं की अन्न तुटलं, आणि तारा जेवढा वाढलाय तेवढाच राहिला. म्हणजे ताऱ्याचं वजन किती व्हायचं हे त्याच्या स्वतःच्या भुकेवरच नाही, शेजारच्या थोरल्या ताऱ्यांवरही ठरतं.

हे वाचताना मला महाभारताच्या आदिपर्वातली विनता आठवते. कद्रूच्या अंड्यांतून नाग बाहेर आले, आपली दोन अंडी अजून तशीच, म्हणून अधीर होऊन तिने एक अंडं वेळेआधी फोडलं. आत अरुण होता, वरचं अंग पूर्ण, खालचं अपुरं. दुसऱ्या अंड्याची तिने वाट पाहिली आणि त्यातून गरुड झाला. आता योगायोग पाहा: हा तेजोमेघ गरुडाच्या नावाचा, तो आहे भुजंग तारकासमूहात, आणि त्यात प्रश्न पडलाय तो वेळेआधी फुटणाऱ्या अंड्यांचा. पाश्चात्त्यांनी आकारावरून दिलेलं नाव आपल्या कथेला इतकं नेमकं जुळतं, याचा मला दर वेळी आनंद होतो. योगायोगाने सिद्ध काहीच होत नाही, पण मुलांना हेस्टरचा युक्तिवाद समजावताना अरुणाच्या गोष्टीइतकी मदत दुसऱ्या कशाची झालेली नाही.

युक्तिवाद देखणा असला तरी तपासायला हवा होता. दृश्य प्रकाशात अंड्याच्या आतलं दिसत नाही, धूळ आड येते. अवरक्त किरणं धुळीतून बरीचशी पार होतात. मार्क मॅककॉक्रियन आणि मॉर्टन अँडरसन यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून अवरक्त निरीक्षणं केली आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. ७३ अंड्यांपैकी ११ अंड्यांमध्ये कोवळ्या ताऱ्याच्या किंवा त्याहून लहान वस्तूच्या खुणा सापडल्या. म्हणजे साधारण पंधरा टक्के. बाकीची रिकामी, किंवा आत काही असलंच तर त्या दुर्बिणीला न दिसण्याइतकं मंद. डावीकडच्या आणि मधल्या सुळक्याच्या टोकांशी मात्र घडत असलेले अधिक वजनदार तारे मिळाले.

पुढे, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव असलेल्या चंद्रा दुर्बिणीने याच भागाचं क्ष-किरणांत निरीक्षण केलं. कोवळे तारे क्ष-किरणांत चांगले चमकतात. तेजोमेघाच्या परिसरात असे स्रोत शेकड्यांनी मिळाले, पण सुळक्यांच्या आत अगदी मोजके, आणि अंड्यांमध्ये नाहीतच म्हणावं असे.

थोडक्यात, ‘तारे जन्मताना पाहा’ म्हणून जे चित्र घरोघर गेलं, त्यात ताऱ्यांचा जन्म लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच तुरळक आहे. यात हेस्टर चुकले असं मी म्हणणार नाही. सुळक्यांच्या पृष्ठभागावरून वायू कसा सुटतो आणि त्याचे आयनीभूत थर कसे लागतात, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग, आणि तो भक्कम निघाला. अंड्यांबद्दल त्यांनी तपासता येईल असा दावा केला, इतरांनी तो तपासला. पण २००२चं उत्तर कुठल्या वहीच्या कव्हरावर आलं नाही.

मग ते उडून गेले का?

आता व्हॉट्सॲपच्या मजकुराकडे. तो कुणी हवेतून काढलेला नाही. जानेवारी २००७मध्ये निकोला फ्लाजे आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीची निरीक्षणं सिएटलच्या खगोल परिषदेत मांडली. सुळक्यांशेजारी त्यांना गरम धुळीचा एक मोठा पट्टा दिसला होता. एवढी धूळ तापवायला तिथल्या ताऱ्यांचा प्रकाश पुरा पडत नाही, म्हणून त्यांनी सुचवलं की आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे एक अतिनवतारा, म्हणजे आयुष्याच्या शेवटी स्फोट होणारा थोरला तारा, फुटला असावा. त्याची आघातलाट सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी सुळक्यांवर आदळली असेल. अंतर ७,००० प्रकाशवर्षं धरलं, तर त्यांचा नाश आपल्याला अजून हजारएक वर्षांनी दिसेल.

‘असावा’ आणि ‘असेल’ हे दोन शब्द बातम्या होताना गळाले. पुढे मजकूर होताना तर शंकेचा मागमूसही राहिला नाही.

शास्त्रज्ञांनी लगेच प्रतिप्रश्न केले. इतक्या अलीकडे अतिनवतारा फुटला असता, तर त्याच्या अवशेषातून रेडिओ लहरी आणि क्ष-किरण जितके यायला हवेत तितके येताना दिसत नाहीत. धूळ तापायला दुसरंही कारण असू शकतं: गुच्छातल्या थोरल्या ताऱ्यांवरून सुटणारे जोरदार वारे. तसं असेल तर सुळके एका तडाख्यात गेले नाहीत, हळूहळू झिजताहेत.

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २०१५चं काम. ॲना मॅकलाउड आणि सहकाऱ्यांनी व्हीएलटीवरच्या म्यूज या उपकरणाने सुळक्यांचं निरीक्षण केलं. म्यूज चित्राच्या प्रत्येक बिंदूचा वेगळा वर्णपट देतं. वर्णपटावरून वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय ते कळतं, आणि त्यावरून खोली बांधता येते. सपाट चित्रात शेजारी शेजारी उभे दिसणारे सुळके प्रत्यक्षात पुढेमागे निघाले. डावीकडच्या मोठ्या सुळक्याचा वरचा भाग तारकागुच्छाच्या मागे आहे आणि त्याचं टोक आपल्याकडे वळलेलं आहे. मार लागणारी त्याची बाजू आपल्याला समोरून दिसते, म्हणून तो भाग जास्त उजळ. बाकीच्यांची टोकं आपल्यापासून पलीकडे झुकलेली. इतकी वर्षं आपण भिंतीवरचं चित्र समजून जे पाहत होतो, ते एक मोकळं मैदान होतं, पुढे-मागे अंतर असलेलं.

त्याच अभ्यासात झिजेचा वेगही मिळाला: दर दहा लाख वर्षांना साधारण ७० सूर्यांइतकं वस्तुमान. सुळक्यांमध्ये एकूण सुमारे २०० सूर्यांइतका माल आहे. म्हणजे अजून तीसेक लाख वर्षं.

आता हे ६,५०० वर्षांच्या प्रकाशप्रवासाशेजारी ठेवून पाहा. ६,५०० म्हणजे तीस लाखांच्या पाव टक्क्याहूनही कमी. ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे दोन महिने होतात. दोन महिन्यांपूर्वीचा फोटो पाहून हा माणूस आता नसेलच असं आपण धरून चालत नाही. विचारणाऱ्याला मी हेच सांगतो: सुळके आजही तिथे असण्याचीच शक्यता फार मोठी आहे.

पुन्हा तीच चौकट

हबलला पंचवीस वर्षं होणार म्हणून २०१४मध्ये नव्या कॅमेऱ्याने सुळके पुन्हा टिपले, आणि ५ जानेवारी २०१५ला चित्र प्रसिद्ध झालं. निवड लोकप्रियतेवर झाली होती हे उघड आहे. काही संशोधकांना असा दुर्बिणीचा वेळ उधळपट्टी वाटतो. मला या बाबतीत तसं वाटत नाही, आणि कारण भावनिक नाही. एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच जागा त्याच दुर्बिणीने पाहिली, म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवता आली. त्यात एका घडत्या ताऱ्यातून सुटलेला असावा असा वायूचा बारीक झोत एवढ्या काळात लांबलेला दिसला, सुमारे दहा हजार कोटी किलोमीटरने. एरवी जिथे लाखो वर्षांत काही होतं म्हणायचं, तिथे एका पिढीत हालचाल मोजता आली. चित्र लोकांच्या मनात राहिलं नसतं, तर नेमक्या याच जागी परत जायचं कुणाच्या मनात आलं असतं?

जेम्स वेब या नव्या अवकाश दुर्बिणीनेही हीच जागा निवडली. १९ ऑक्टोबर २०२२चं जवळच्या अवरक्तातलं चित्र आणि त्याच महिन्यात २८ तारखेला आलेलं मध्य-अवरक्तातलं चित्र, ही जोडी एकत्र पाहावी. पहिल्यात सुळके अर्धपारदर्शक होतात, मागचे असंख्य तारे फुटून बाहेर येतात आणि काही कडांवर लाव्हासारखी लाल धग दिसते. काही लाख वर्षांचेच तारे अजून घडताहेत, त्यांच्या झोतांनी हायड्रोजन उजळलाय. दुसऱ्यात बहुतेक तारे विझल्यासारखे नाहीसे होतात आणि उरते ती धूळ, राखाडी आणि जड. जागा तीच, दुर्बीण तीच, फक्त तरंगलांबी वेगळी. कुठलं खरं असं मुलं विचारतात तेव्हा मी हाताचा फोटो आणि हाताचा एक्स-रे शेजारी ठेवतो.

दुर्बिणीतून

आपल्याकडून हा तेजोमेघ पाहायचा तर चैत्र अमावास्येच्या सुमारास पहाटे तीनला उठावं लागतं. आकाशगंगेचा पट्टा तेव्हा दक्षिणेत चढलेला असतो. धनू राशीच्या थोडं वर, भुजंगाच्या शेपटीकडे, आग्नेयेला तो चांगला उंचावर येतो. पावसाळ्यात रात्रीच्या सोयीच्या वेळी तो डोक्यावर असतो, पण मग आभाळ कुठे मोकळं असतं!

आमच्याकडे आठ इंची परावर्ती दुर्बीण आहे. एका पहाटे जिल्हा परिषदेच्या शाळेतली काही मुलं आली होती. चित्र आदल्या संध्याकाळीच दाखवलं होतं, तीन ठिपक्यांसकट. पहिली मुलगी दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभी राहिली.

"सर, खांब कुठायत?"

"खांब नाही दिसणार यातून. काय दिसतंय?"

"तारे. पांढरे. पंधरा-वीस असतील. आणि जरासं धुरकट."

ती पाहत होती तो एनजीसी ६६११ होता, चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेला गुच्छ. मी तिला तसं सांगितलं. ती पुन्हा वाकली, आणि डोळा न काढताच मागच्या मुलाला म्हणाली, "ते सुळके झिजवणारे आहेत ना, ते हे."